चवड्यांवर चालणारी माणसं

नवरा झोपलेला असताना शकुबाईनं वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि तिची तिलाच लाज वाटली. सोळा वर्षांच्या संसारात तेजरामनं मोहाच्या दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? पण भिलाईच्या खुर्सीपार वस्तीतल्या त्यांच्या घरांच्या ओळीत जो तो हेच बोलत होता. तेजराम कारखान्यातून येताना तोल सांभाळत येतो. वळायचं झालं की खांबासारखा थांबतो, मग पाय उचलायला वेळ लागतो. परवा तर नळावर उभ्या उभ्या मागच्या मागे कोसळला, हातसुद्धा टेकले नाहीत. सख्ख्या धाकट्या भावानं, हिरालालनं, तोंडावर विचारलं होतं, "वहिनी, दादा पिऊन राहिला का?"

वास कशाचाच नव्हता. शकुबाई भिंतीला टेकून बसली. दारू असती तर बरं झालं असतं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. दारू सोडवता तरी येते.

ही माणसं मूळची भंडारा जिल्ह्यातल्या सालेबोडीची. गावामागच्या टेकडीत मँगनीजची खदान होती. धानाची शेती घरातल्या सगळ्यांना पुरेना, म्हणून लग्नानंतर दोघंही खदानीत जाऊ लागली. तेजराम आत, भुयारात. ड्रिल मशीन छातीशी धरून तो दगडात भोकं पाडायचा, आणि संध्याकाळी बाहेर येई तेव्हा दातांखेरीज त्याचं काहीच पांढरं दिसत नसे. शकुबाई बाहेर उन्हात, दगड निवडणाऱ्या बायांच्या रांगेत. चांगला मँगनीज आणि टाकाऊ दगड दिसायला कधी कधी अगदी जुळे भाऊ. पण हातात घेतला की चांगला जड लागतो. शकुबाईचा हात त्यात इतका बसला होता की मुकादमसुद्धा शंका आली की तिच्या तळव्यावर दगड ठेवायचा.

सत्तावन्न साली हिरालालचं पत्र आलं. तो खदानीत दोन वर्षं काढून आधीच बाहेर पडला होता. त्यानं लिहिलं होतं, भिलाईत लोखंडाचा कारखाना उभा राहतो आहे, रशियाची माणसं आली आहेत, हात असलेल्या माणसाला काम आहे. तेजराम, शकुबाई आणि पाच वर्षांची जया असे तिघं आले. आधी मजुरांच्या कॅम्पात, मग खुर्सीपारात. तेजराम खलाशांच्या टोळीत लागला. लोखंडी तुळया दोरांनी वर चढवायच्या आणि वर बसून जोडायच्या, हे त्यांचं काम. साठ फुटांवरच्या तुळईवरून तो शेताच्या धुऱ्यावरून चालावं तसा चालायचा. पहिली भट्टी पेटली त्या दिवशी तो शकुबाईला म्हणाला होता, "आपल्या तिकडचाच मँगनीज लागते म्हणतात इथं. त्याच्याशिवाय पोलादाले ताकद येत नाई."

आणि त्याच तेजरामला आता सदऱ्याचं बटन लावायला जया लागत होती. हजेरीच्या वहीतली त्याची सही महिन्यागणिक बारीक होत गेली; पहिलं अक्षर दिसायचं, शेवटचं मुंगीएवढं. टोळीचा फोरमन ओमप्रकाश भला माणूस होता. एक दिवस तेजराम फळीच्या टोकाशी जाऊन थांबला आणि त्याला वळताच येईना, तेव्हा ओमप्रकाश स्वतः वर चढला, त्याला कमरेला धरून खाली आणलं आणि म्हणाला, "कल से ऊपर नहीं जाना. अस्पताल जाओ, भाई. यह नशा नहीं है, मैंने नशा बहुत देखा है."

पण शकुबाईच्या जिवाला लागलं ते वेगळंच. त्याच उन्हाळ्यात सालेबोडीला तेजरामची आई वारली. अंगणात बाया रडत होत्या, हिरालाल जमिनीवर डोकं आपटत होता, आणि थोरला मुलगा कोरड्या चेहऱ्यानं उभा. डोळ्याची पापणी हलेना. लोक कुजबुजले, शकुबाईलाही राग आला. परतताना गाडीत ती म्हणाली, "तुमची माय मेली जी. एक टिपूस तं काढा."

तेजरामचा आवाजही तेव्हा बसत चालला होता. मग तो हळू म्हणाला, "आतून रडूनच राहिलो. तोंड ऐकत नाई."

त्यानंतर शकुबाईनं वेळ घालवला नाही.

कारखान्याच्या इस्पितळात आधी टॉनिक मिळालं, मग सुया मिळाल्या. चौथ्या खेपेला त्यांना डॉक्टर कमलिनी देवपुजारींकडे पाठवलं. नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकून त्या वर्षभरापूर्वी इथं रुजू झाल्या होत्या. तिशीच्या, अंगानं किरकोळ, आणि बोलताना समोरच्याच्या हातापायांकडे बघायची सवय. बाहेरच्या बाकावर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातले बाबाराव नावाचे गृहस्थ बसलेले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर असूनही थांबत नव्हता. अंगठा आणि बोट एकमेकांवर असे फिरत होते, जणू ते फुलवात वळत होते. शकुबाईनं आधी त्या हाताकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या. तेजरामचा हात लाकडासारखा स्वस्थ होता.

"चालून दाखवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तेजराम चालला. टाचा जमिनीला लागत नव्हत्या. चवड्यांवर, कोपरं वाकवलेली, छाती पुढे. कोंबडा चालतो तसा. वॉर्डबॉयला हसू फुटलं, बाईंनी त्याच्याकडे पाहिल्यावर विझलं. मग त्यांनी त्याच वॉर्डबॉयला तेजरामच्या मागे उभं केलं आणि खांद्याला धरून तेजरामला जरासंच मागे ओढलं. तो पाय न हलवता सरळ त्याच्या अंगावर गेला.

"दिसायला कंपवातच आहे," बाई स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या. "पण मग कंप कुठाय? आणि वय तर छत्तीस. बाहेरच्या बाबारावांना कंपवात आहे, ते पुढे पडतात; हे मागे पडतात." त्यांनी पेन उचललं. "इथं यायच्या आधी काय काम करत होता?"

तेजरामचे ओठ हलले. शकुबाईनं कान लावला आणि मोठ्यानं सांगितलं, "मँगनीजच्या खदानीत होतो म्हणते. आत, ड्रिलवर. अकरा साल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "धूळ?"

"आत दिवा दिसत नव्हता म्हणते, बाई."

"आजार सुरू व्हायच्या आधी कधी कारण नसताना हसायचे? रडायचे? झोप जायची?"

शकुबाईला आठवलं. छप्पन सालातली गोष्ट. तेजराम जेवताना हसत सुटायचा, घास ताटात पडायचा. हसायला काहीच झालेलं नसायचं, आणि हसणं थांबवता येत नाही म्हणून तो स्वतःच घाबरायचा. महिना-दीड महिन्यानं ते गेलं, म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. या बाईला कसं कळलं?

"पुस्तकात आहे," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या देशांतल्या खदानींत असे रोगी सापडले आहेत. मी मात्र अजून एकही पाहिला नव्हता. शकुबाई, अशी चाल तुम्ही आणखी कुणाची पाहिलीत?"

शकुबाईच्या डोळ्यांसमोर सालेबोडीची वरची गल्ली आली. "केवलरामची," ती म्हणाली. "यायच्याच भुयारात होता. पण त्यायचं वेगळं आहे, बाई. त्यायनं देवीच्या ठाण्याचं झाड तोडलं, म्हणून तिनं धरलं म्हणतात."

"आणखी?"

"असं बसून नाई सांगता येणार. पाहून यावं लागंन."

बाई हसल्या नाहीत. "मग या पाहून," त्या म्हणाल्या. "मी गेले तर लोक घाबरतील. तुम्हाला पाहून कुणी चाल बदलणार नाही."

जयाला हिरालालच्या घरी ठेवून आणि तेजरामला त्याच्यावर सोपवून शकुबाई दुर्गहून पॅसेंजरनं निघाली. तुमसर रोडला उतरून पुढे बैलगाडी. वाटेत तिनं एकच विचार केला: विचारायचं कसं? 'तुम्हाला काही होतं का' म्हटलं तर खदानीतला माणूस नाहीच म्हणणार. काम जाण्याची भीती कुणाला नसते? आणि एकदा गावभर झालं की घराघरातून देवाचं आणि करणीचं सुरू होईल.

शेवटी तिला सुचलं ते फार सोपं होतं. ती घरोघरी गेली, बसली, चहा घेतला, भिलाईच्या गोष्टी सांगितल्या. निघताना घरातल्या पुरुषाच्या अगदी पुढ्यात उभी राहून म्हणायची, "जरा मागं सरा जी, मले जागा द्या." बस. चांगला माणूस न पाहता दोन पावलं मागे सरतो. ज्याला सरता येत नव्हतं तो गोंधळायचा, जागच्या जागी पाय आपटायचा, दाराचा खांब धरायचा. एकजण तर पडलाच असता, तिनंच दंड पकडला.

चार दिवसांत तिनं सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. लिहिता येत नव्हतं, पण घरांची ओळ डोक्यात होती. तिनं घरागणिक माणूस ठेवला. मागे सरता न येणारे सात निघाले. सातही आतले, ड्रिलवरचे. तिच्यासोबत उन्हात बसून दगड निवडणाऱ्या बायांमध्ये एकही नाही. ट्रॉली ढकलणाऱ्यांत नाही. खालच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या ठकूबाईचा हात मात्र बाबारावांसारखा वात वळत होता, पण तिनं जन्मात खदानीचं तोंड पाहिलं नव्हतं. शकुबाईनं तिला वेगळं ठेवलं.

आणि मग फकिरा. चौदा वर्षं भुयारात, तेजरामपेक्षाही जास्त. ती "मागं सरा" म्हणाली तसा तो टुणकन मागे उडाला आणि म्हणाला, "काय पाहून राहिली वं? गावभर माणसायले मागं ढकलत फिरून राहिली म्हणे."

तिनं त्याला खरं ते सांगितलं. फकिरा विचारात पडला. "मंग मले कावून नाई झालं?"

"मले काय मालूम, भाऊ?"

केवलरामच्या घरी ती सगळ्यात शेवटी गेली, कारण तिथं जायला तिचा पाय उचलत नव्हता. त्याची बायको रत्नमाला तिला आत घेऊन गेली. केवलराम खाटेवर भिंतीला टेकून होता. धुतलेल्या पाटीसारखा चेहरा. चार वर्षं हे घर एकटं पडलं होतं. देवीचा कोप म्हणून शेजारी पाणी प्यायलासुद्धा थांबत नसत. रत्नमालानं तीन वेळा ठाण्यावर बकरा दिला होता, अनवाणी राहिली होती, आणि रोज नवऱ्याला विचारत होती की त्या झाडाला कुऱ्हाड लावायची बुद्धी तुम्हाला झालीच कशी.

शकुबाई खाटेच्या कडेला बसली. "भाऊजी," ती म्हणाली, "जयाच्या बाबाले बी हेच झालं. हेच चालणं, असंच तोंड. त्यायनं कोणतंच झाड तोडलं नाई."

केवलराम तिच्याकडे पाहत राहिला.

"डाक्टरीणबाई म्हणते, ते धुळीनं होते. आतल्या काळ्या धुळीनं. गावात सात जण आहेत. मी पाहून आली."

चेहरा तसाच राहिला, पण डोळे भरले आणि पाणी गालावरून खाली आलं. पुसायला हात वर यायला खूप वेळ लागला. ओठ हलले. रत्नमाला वाकली, ऐकलं आणि तशीच मटकन खाली बसली.

"काय म्हणते?" शकुबाईनं विचारलं.

"म्हणते," रत्नमालानं खाटेचा पाय धरला, "म्हणते, मंग मी पापी नाई ना?"

त्या दिवशी शकुबाई तिथंच राहिली. रत्नमालानं भात रांधला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्या घरात बाहेरचं माणूस जेवलं.

परत आल्यावर शकुबाईनं डोळे मिटून गल्ली सांगायला सुरुवात केली आणि डॉक्टरीणबाई लिहीत गेल्या. बराच वेळ लागला. सात आजारी, एक फकिरा, एक ठकूबाई, आणि उरलेले सगळे धडधाकट.

"बाई, हे काय आहे नेमकं? डोस्क्यात काय होते?"

बाईंनी कागदावर अर्ध्या अक्रोडासारखं चित्र काढलं. "मेंदूच्या बुडाशी ही एवढीशी काळी जागा असते, वालाच्या दाण्याएवढी. बाबारावांच्या आजारात ती फिकी पडत जाते. तिथं एक रसायन तयार होतं, आणि ते हालचालीला लागतं. परवा-परवा परदेशातल्या लोकांनी शोधून काढलं, की अशा रोग्यांच्या मेंदूत ते जवळजवळ उरलेलंच नसतं."

"अन् ती जागा फिकी कावून पडते?"

"ते कुणालाच माहीत नाही."

"पण यायचं तं माहीत आहे. धूळ."

"म्हणूनच तर," बाईंचा आवाज बदलला. "ज्याचं कारण ठाऊक आहे त्याच्यावरून, ज्याचं ठाऊक नाही त्याचा माग काढता येईल असं मला वाटतं. पण फकिराला का झालं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि ठकूबाईला का झालं, याचंही नाही."

शकुबाईला ते आवडलं. इतकी वर्षं तिला भेटलेल्या प्रत्येक जाणत्याकडे उत्तर तयार होतं.

पुढे बाई स्वतः सालेबोडीला गेल्या, शकुबाईला बरोबर घेऊन. सातही जणांना तपासलं, कागद तयार केले, खदानींच्या तपासनिसांना लिहिलं. उत्तर यायला दीड वर्ष लागलं, पण आलं. माणसं आली, धूळ मोजली गेली, आणि त्या खदानीत ड्रिलला पाण्याची नळी बसली. ओला दगड धूळ कमी उडवतो. एवढी साधी गोष्ट. शकुबाईला ती कळली तेव्हा तिला तेजरामची भुयारातली अकरा वर्षं आठवली.

तेजराम मात्र उतरत गेला. कारखान्यानं त्याला स्टोअरमध्ये बसायचं काम दिलं होतं. तेही चौसष्टनंतर होईना. गोळ्यांनी अंग थोडं सैल पडायचं, इतकंच. बाबारावांना त्याच गोळ्यांनी बराच आराम पडला, हे बाकावर बसून शकुबाईनं पाहिलं आणि बाईंनीही लिहून ठेवलं. शेवटी शेवटी तेजरामचा आवाज असा झाला, की शकुबाईनं त्याच्या ओठांना कान लावावा तेव्हाच ऐकू येई. डॉक्टर, हिरालाल, जया, साऱ्यांशी तो तिच्याच तोंडून बोले.

पासष्टच्या पावसाळ्यात डॉक्टरीणबाई घरी आल्या. खुर्चीवर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. मग तेजरामकडे बघून म्हणाल्या, "तेजरामभाऊ, मला एक विचारायचंय. नाही म्हणालात तर मी पुन्हा कधी विचारणार नाही, आणि तुमच्या औषधपाण्यात काही फरक पडणार नाही. हा आजार मेंदूत नेमका कुठं बसतो, ते जिवंत माणसात दिसत नाही. तुमच्यानंतर... तुमचा मेंदू आम्हाला पाहू द्याल का?"

चुलीवरचं पाणी उकळत होतं. शकुबाईनं ते उतरवलं नाही. तेजरामचे ओठ हलले, ती वाकली. एरवी तो दोन-तीन शब्दांवर थांबायचा. या वेळी थांबत थांबत पुरतं वाक्य बोलला. तिनं सरळ होऊन बाईंना सांगितलं, "पाहून घ्या म्हणते. अन् म्हणते, आत काय झालं ते मले बी पाहाचं होतं."

बाईंनी खाली मान घातली. मग शकुबाईनं उठून उतू चाललेलं पाणी उतरवलं.

तेजराम सहासष्टच्या फेब्रुवारीत गेला. घास अडकून छातीत गेला, ताप भरला, पाचव्या दिवशी सकाळी इस्पितळात त्यानं डोळे मिटले. हिरालाल धावत आला. शकुबाईनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा काळवंडला.

"भावाची कवटी फोडू देऊ? अर्धा माणूस जाळू का मी?"

"त्यायनंच सांगतलं होतं."

"कोणाले सांगतलं? तोंडातून आवाज निघत होता का त्याच्या? दोन वर्षं झाली, तू म्हणशीन तेच त्याचं बोलणं. आता बी तू म्हणते म्हणून मानू?"

हे शकुबाईला अपेक्षित नव्हतं. ती डॉक्टरीणबाईंकडे पाहू शकली असती. त्या दारात उभ्या होत्या आणि काही बोलणार होत्या. तिनं हातानं त्यांना थांबवलं. मनात एक गोष्ट मात्र डोकावून गेली: त्या दिवशी तो नाही म्हणाला असता, तर आपण तेही असंच सांगितलं असतं का? असतं. आजवर त्याचा एकही शब्द तिनं बदलला नव्हता, तिच्यावर तो चिडला होता तेव्हाचेसुद्धा.

"होय," ती हिरालालला म्हणाली. "मी म्हणते म्हणूनच मान. दुसरं कोणी ऐकलंच नाई, तं मी काय करू?"

हिरालाल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, "तोंड झाकून द्या म्हणा. मायच्या लेकराचं तोंड तसं नाई पाहवणार मले."

संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. डोक्याला पांढरं कापड बांधून तेजरामला त्यांच्या हवाली केलं, आणि शिवनाथ नदीच्या काठी हिरालालनंच अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी बाई काचेची बरणी मांडीवर घेऊन नागपूरच्या गाडीत बसल्या. तिथं त्यांच्या गुरुजींकडे मेंदू तपासायची सोय होती.

चार महिने गेले. शकुबाईला तोवर इस्पितळात आयाचं काम लागलं होतं. जूनमधल्या एका दुपारी बाईंनी तिला खोलीत बोलावलं. टेबलावर फोटो होते. शकुबाई आधी दाराशीच थांबली, मग पुढे आली.

"माझा अंदाज चुकला," बाई म्हणाल्या. चुकल्याचं दुःख त्यांच्या आवाजात नव्हतं. "मला वाटलं होतं, ती काळी जागा फिकी पडलेली असेल, बाबारावांच्या रोगात पडते तशी. ती जवळजवळ शाबूत आहे. हे पाहा, काळीच्या काळी. नुकसान दुसरीकडे झालंय, इथं, जरा वर. या पेशी झडून गेल्यात."

"म्हणजे?"

"मी समजत होते की रोग एक आणि वाटा दोन. निघाले दोन रोग, बाहेरून सारखे दिसणारे. म्हणून त्या गोळ्या बाबारावांना लागू पडल्या आणि यांना पडल्या नाहीत. पण एकाच मेंदूवरून सगळं ठरत नाही. आणखी कुणी तरी, कुठं तरी, पाहायला हवं."

शकुबाईनं फोटोवर बोट ठेवलं नाही, वरून फक्त फिरवलं. "दगड असेच असतात, बाई. रंगानं एक. हातात घेतल्याशिवाय फरक समजत नाई." मग तिनं विचारलं, "म्हणजे बाबारावांचं कारण नाईच समजलं?"

"नाही. यांच्यावरून कळेल असं वाटलं होतं, ते नाही कळलं. पण कुठं शोधू नये, एवढं कळलं."

"तेवढं बी काई कमी नाई," शकुबाई म्हणाली.

तिनं त्या संध्याकाळी हिरालालच्या घरी जाऊन सगळं सांगितलं, जसं ऐकलं तसं. तो मान खाली घालून ऐकत होता. दाराशी पोचवायला आला तेव्हा म्हणाला, "वहिनी, मी बी दोन साल होतो आत." इतके दिवस त्याच्या रागाच्या बुडाशी काय होतं ते तिला तेव्हा दिसलं. दुसऱ्याच दिवशी तिनं त्याला बाईंपुढे नेऊन उभं केलं. बाईंनी त्याला चालवलं, वळवलं, लिहायला लावलं, मागून खांदा ओढला. तो एक पाऊल मागे गेला आणि उभा राहिला.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "दरवर्षी एकदा येत जा."

हिरालाल बाहेर येऊन पायरीवर बसला आणि भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, भावासाठी मोकळेपणानं रडला. शकुबाई त्याच्याशेजारी बसून राहिली. तिची ड्यूटी सुरू झाली होती, पण कुणी तिला हाक मारली नाही.

केवलराम पुढं दोन वर्षं जगला. त्याच्या अंत्ययात्रेला सारं सालेबोडी लोटलं, असं रत्नमालानं कुणाकडून तरी पत्रात लिहवून पाठवलं. शकुबाईनं जयाकडून ते वाचून घेतलं. डॉक्टरीणबाईंची पुढं नागपूरला बदली झाली, पण जाताना त्यांनी आपल्या जागी आलेल्या डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं, की बाहेरच्या बाकावर कुणी वेगळ्या चालीचा माणूस आला तर आधी शकुबाईला दाखवा. नवे डॉक्टर आधी हसले. मग एकदा राजनांदगावकडचा एक माणूस आला, कमरेच्या दुखण्यासाठी म्हणून. शकुबाई ट्रे घेऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "जरा मागं सरा जी." तो सरला, पण अर्धवट. ती डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, "साहेब, याले इचारा, आधी काय काम करत होता."